कालुलू परत देतो

कालुलू या लघुग्रहावर खाणीत बार उडवला की दगड पाचव्या दिवशी खाली येतात. गोळा एवढासा, त्याची ओढही एवढीशी; पण दगड गेला त्याच जोराने परततो. धूळ तर बसतच नाही. काचघरातला मका तिच्या सावलीत पिवळा पडलाय, पोरं काळं थुंकतात. म्हातारे म्हणतात, कालुलू कुणाचं ठेवत नाही. नेलं तसं परत देतो.

मी बेम्बा जमातीचा, खाणीतला माझा जोडीदार टेंबो न्गोनी जमातीचा. आमच्या जमातींत थट्टेचं नातं: जिवंतपणी एकमेकांना शिव्या, मेल्यावर एकमेकांना माती द्यायची. खाणीच्या तळाशी सुरुंग भरून टेंबो आडोशाला पोचला की दरवेळी फोन करायचा, "अरे माकडखाऊ, मी तळाशीच आहे!"

"मग मर तिथेच, उंदीरखाऊ!" मी हसत फोन ठेवायचो आणि सुरुंगाचं बटण दाबायचो.

त्या दिवशीही तसंच झालं. फक्त त्या दिवशी तो खरंच तळाशी होता.

धुळीच्या खांबाबरोबर टेंबो वर गेला.

संध्याकाळी त्याची बायको तमांडा दारात उभी राहिली. "रडलास तर याद राख, मुसोंडा. तो खाली येईल. तू शिव्या घालून पुरायचंस त्याला. नाहीतर त्याला वाट मिळायची नाही."

"मीच मारलंय त्याला, वहिनी."

"म्हणूनच."

तिसऱ्याच दिवशी दगड पडू लागले. वेळेआधी, आणि फक्त माझ्या खोलीवर. चौथ्या दिवशी एक दगड छप्पर फोडून उशीत घुसला. मी कामावर होतो म्हणून वाचलो. वजन, वेग, दिशा, सगळं गणित पुन्हापुन्हा मांडलं. जुळलं नाही.

पाचव्या दिवशी टेंबो आला. कोठाराच्या पत्र्यावर आदळला, छाती फुटली. मुठीत फोन, मागे तुटकी तार.

फोन-तारेसकट त्याला मातीत ठेवलं. "ऊठ की आळशा! उंदीर संपले म्हणून मेलास?" माझा आवाज फाटला. बायका रडतारडता हसल्या. तमांडाने मान हलवली. सुटलो, असं वाटलं.

बटणाच्या खोलीत परतलो, तर फोन वाजला.

"अरे माकडखाऊ, मी तळाशीच आहे!"

मी तोंड उघडण्याआधीच तारेवर माझाच आवाज हसला, "मग मर तिथेच, उंदीरखाऊ!" त्या दिवशी मी इथेच फोन ठेवला होता; आज तो कानालाच होता.

"थांब रे. आज थट्टा नाही. पाय अडकलाय. भावा, ऐक..."

टिक्.

मी खाली पाहिलं. माझं बोट बटणावर होतं.