चौथ्या रांगेतली ओल

हे खरं घडलेलं आहे. रुनाक माझी सख्खी मावशी. मला नीट सांगता येईल का, याचीच शंका आहे.

रमजान ईदच्या आदल्या दिवसाची दुपार. कुर्दिस्तानात आमच्या गरमियान भागातलं स्मारक.

१९८८ साली सरकारी सैन्याने आम्हा कुर्दांची गावंच्या गावं उचलून नेली आणि मारली. पुढे वाळवंटातल्या खड्ड्यांतून हाडं परत आली, ती बिननावाचीच इथे पुरली. म्हणून इथे एकेका घराने एकेक कबर आपली मानली आहे. रुनाकने पहिल्या रांगेतली धरली. धाकटा भाऊ सरतीप समजून नऊ वर्षं ती त्या कबरीशी बोलत होती.

ईदनंतर रक्त तपासणारे येणार होते. कोणती हाडं कोणाची, ते कळणार होतं.

"देणार का गं रक्त?" शेजारच्या कबरीपाशी बसलेल्या हमीनने विचारलं.

"नाही. हा सरतीप नाही म्हणाले, तर मी जाऊ कुठे?"

"मी तर देणार बाई. माझा नवरा इथे गपगुमान ऐकून घेतो. म्हणजे तो नक्कीच नाही!"

रुनाक हसली. तिने पाण्याचा कॅन कबरीवर कलंडवला.

पाणी मातीत गेलं...

माती कोरडीच राहिली.

हमीनने बोट लावून पाहिलं. बोटाला धूळ लागली.

वारा पडला होता. आसपासच्या बायकांचं बोलणं थांबलं होतं. आणि आवाज येत होता... कोणीतरी घोट घेतल्यासारखा.

"रोज्याच्या दिवशी पाणी कोण पितंय गं?" हमीन कुजबुजली.

आवाज चौथ्या रांगेतून येत होता.

तिथल्या एका कबरीकडे कधीच कोणी येत नसे. तिची माती काळी पडत होती... उशाकडून पायाकडे.

रुनाकने पुन्हा पाणी ओतलं. इथे थेंब दिसला नाही. तिथे ओल वाढली.

"सरतीप?"

घोट थांबला.

ईदनंतर रुनाकने रक्त द्यायला बोट पुढे केलं.

पाच महिन्यांनी निकाल आला. पहिल्या रांगेत सरतीप नव्हता. चौथ्या रांगेतही नव्हता. या स्मारकात तो कुठेच नव्हता.

चौथ्या रांगेतल्या त्या हाडांशी कोणाचंच रक्त जुळलं नाही. रक्त द्यायला त्याचं कोणी उरलंच नसावं.

रुनाक आता त्याच्यापाशी बसते. कोणी विचारलं, तर "भाऊ" म्हणून सांगते.

परवा मी सोबत असताना तिने तिथे पाणी घातलं...

माती कोरडीच राहिली.

पाणी कुठे पोचलं, ते पाहायला तिने मान वर केली नाही. मीही केली नाही.