खुर्चीतली पूजा

मी नगरच्या कॉलेजात कलोपचार शिकते, तिसऱ्या वर्षाला. चित्र, गाणं, नाटक यांतून दुखावलेल्या माणसाला मोकळं करायचं, असा तो विषय. घरी मात्र 'पोरगी नाटकाचं शिकते' एवढंच सांगतात.

डिसेंबरात वैजनाथ सर आम्हाला प्रॅक्टिकलसाठी श्रीगोंद्याला घेऊन गेले. ऊसतोड्यांच्या कोप्यांजवळ, पाचटाच्या झोपड्यांजवळ, पत्र्याची एक खोली होती. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास तिथल्या सतरंजीलासुद्धा लागलेला. कानिफनाथ नावाचा तोडणीवाला बायकोला, गोजरबाईला, हाताला धरून घेऊन आला. पाथर्डीकडची माणसं. त्यांची मुलगी पूजा गेल्या हंगामात फडात साप चावून गेली. तेव्हापासून गोजरबाईनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

सरांनी तिच्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली. "इथं पूजा बसलीय असं समजा. तिच्याशी बोला."

गोजरबाई नुसती बघत राहिली.

"जया, तू बस," सर मला म्हणाले. "त्या विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. मनाचं काही घालू नकोस."

मी बसले. पत्रा उन्हानं तडतडत होता, पण खुर्चीचं लोखंड गार होतं. गोजरबाईची नजर माझ्या पायांवरून हळूहळू चेहऱ्यावर आली.

"जेवलीस का?" ती म्हणाली.

कानिफनाथनं टॉवेल तोंडात धरला.

"व्हय," मी म्हणाले.

"पाय दुखतोय का गं अजून?"

'नाही' म्हणायचं ठरवून मी तोंड उघडलं.

"आता न्हाई. तवा लई दुखत हुता. तुला सांगितलं, तर तू म्हनलीस, नाटकं करू नको, मोळ्या बांध." माझी जीभ जड झाली होती, तरी शब्द येतच होते. "मी नाटक करत नव्हते गं, आई."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कानिफनाथ बायकोकडे असा बघत होता, की त्यालाही ते माहीत नसावं.

गोजरबाई माझ्या पायांवर कोसळली. मोठ्यानं रडली.

भूमिका संपली की ती उतरवायची असते. उठायचं, हातपाय झटकायचे, स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पहिल्याच वर्षी शिकवतात. पण सगळे गोजरबाईभोवती गोळा झाले, आणि मी तशीच उठून बाहेर आले.

परतताना गाडीत मी म्हणाले, "सर, ते मी बोलले नाही."

"मुरलेला अभिनय असाच असतो," सर हसले. पुढे एका परिषदेत त्यांनी हा अनुभव सांगितला. टाळ्या पडल्या. माझं नाव त्यात नव्हतं. 'एक विद्यार्थिनी' एवढंच.

गोजरबाई बरी झाली, कोयता घेऊन पुन्हा फडात जाऊ लागली, असं कळलं. मला मात्र माझ्या खोलीत राहणारी, वर्गातलीच ज्योती विचारायची, "घसा बसलाय का तुझा?" डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा साफ होता.

एका दुपारी मी दुकानातल्या फोनवरून घरी फोन लावला. माझा मोबाईल बंद पडला होता.

"आई, मी बोलतेय."

"कोन पाहिजे?"

"मी गं. जया."

"जया न्हाई इथं. ती नगरला असती," आई म्हणाली, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

मी खोलीवर परत आले. प्रॅक्टिकलला आलेल्यांचे नंबर ज्योतीनं लिहून घेतले होते; त्यातला कानिफनाथचा घेऊन तिच्याच मोबाईलवरून लावला. गोजरबाईनं उचलला. मागं ऊस तोडल्याचे सपासप आवाज येत होते.

"कोन?"

"मी. त्या दिवशी तुमच्यासमोर बसले होते, ती."



तिच्या मागून एका मुलीनं विचारलं, "आई, कुणाचा फोन आहे?"

स्वच्छ, शहरी बोलणं. आवाज माझा होता.

"कुनाचा न्हाई," गोजरबाई मायेनं म्हणाली. "तू भाकर खाऊन घे, बाय."