तीन हिसके

दुपारी बाराच्या सुमारास लॉर्न पेडरसन सरपण आणायला निघाला, तेव्हा डोंगराच्या कडेवर फिकट गुलाबी रेघ उमटली होती. डिसेंबरात युकॉनमधल्या त्या ओढ्यावर दिवस म्हणजे तेवढीच रेघ. सूर्य डोंगराआडून वर येतच नसे. तीन वाजले की पुन्हा काळोख.

"दोन तासांत येतो," तो म्हणाला. "शेगडीत दोन मोठे ओंडके घातलेत. तू उठू नकोस."

"उठून कुठे नाचायला जाणार आहे?" व्हर्ना म्हणाली आणि लगेच तिला खोकल्याची उबळ आली. तीन दिवस ती अंथरुणाला खिळून होती. तापाने तोंड लाल झालं होतं, आणि श्वास घेताना ती उजवी बरगडी हाताने दाबून धरत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, "टोपी नीट घाल. कान गळून पडले तर ओळखणार नाही मी तुला."

"मग दुसरा शोध."

"या थंडीत कोण येतोय!"

तो हसला. तिच्या उशाशी पाण्याचा कप ठेवून, दार घट्ट ओढून बाहेर पडला.

अकरा वर्षांपूर्वी दोघांनी हा जुना खाणपट्टा घेतला होता. वीज नाही, रस्ता नाही. सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे साठ किलोमीटरवर धाबा चालवणारी डॉट. उन्हाळ्यात ओढ्याची वाळू धुवायची. पीठ, चहा आणि तेल येईल एवढं सोनं मिळायचं. ओंडक्यांची केबिन पहिल्या खाणवाल्यांनी बांधलेली. तिच्यापासून वीस पावलांवर त्यांनीच खणलेली कोरडी विहीर. वर रहाट, दोर, पोहरा; बाजूने एक उभी शिडी. तळाची जमीन बारमाही गोठलेली, म्हणून लॉर्न आणि व्हर्ना तिथे हरणाचं मांस टांगून ठेवत. व्हर्ना हलकी, म्हणून पोहऱ्यात बसून ती खाली जायची आणि लॉर्न रहाट फिरवायचा. दोराला एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे दोरावर माणूस आहे, वर घे. आणि तीन हिसके आले की रहाटाची मूठ सोडायची नाही. काहीही होवो. त्या मुलखात बायबल न मानणारी माणसं होती, हा नियम न मानणारं कोणी नव्हतं.

कारण जुन्या काळी याच विहिरीवर एकाने मूठ सोडली होती, असं सांगत. खालच्याबद्दल सगळे बोलत. वरच्याचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे.

"काय म्हणतोय तुमचा विहिरीतला भाडेकरू?" धाब्यावर गेले की डॉट डोळा मारायची. "ओढतो का दोर?"

"ओढतो. भाडं तेवढं देत नाही," व्हर्ना म्हणायची.

यंदा नऊ दिवस पारा उणे अठ्ठेचाळीसच्या वर आला नव्हता. दोन महिन्यांचं सरपण तीन आठवड्यांत संपलं. कालच रेडिओची बॅटरी मरता मरता डॉटचा आवाज आला होता, "या थंडीत विमान उडत नाही रे, आमच्या बर्फगाड्याही चालू होत नाहीत. जरा कमी झाली की निघालोच. तोवर तिला ऊब दे, लॉर्न. बाकी काही नको, फक्त ऊब."

आज सकाळी त्याने विहिरीवरच्या आडोशाच्या फळ्या उखडून जाळल्या. त्यांच्याबरोबर रहाट अडकवून ठेवायची लाकडी खुंटीही शेगडीत गेली. मांस पुरेसं वर आणलेलं होतं. रहाट आता कशाला लागतोय, असं वाटून त्याने पोहरा तळाशी सोडून दिला.

ओढ्यापलीकडे जळक्या झाडांची वाळकी खोडं उभी होती. ती तोडून त्याने घसरगाडी भरली. परतताना ओढ्यावरचा बर्फ करकरला आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. अशा थंडीत ओल्या पायाने तासभर चालणं म्हणजे पाय गमावणं. तिथेच थांबून, आणलेल्यातलंच लाकूड पेटवून बूट सुकवावा लागला. बोटं काड्या धरेनात. दोन तासांचे चार झाले. पूर्ण वेळ तो मनात शेगडीतले ते दोन ओंडके पाहत होता. आता अर्धे उरले असतील. आता निखारे. आता...

अंगणात पोहोचला तेव्हा काळाकुट्ट अंधार होता. वारा नव्हता. श्वासाची वाफ गोठून कानाशी बारीक किणकिणत होती.

आणि रहाटाचा लाकडी कण्हण्यासारखा आवाज आला.

दोर हलला. एक. दोन. तीन.

लॉर्नच्या मनात विचार यायच्या आधी त्याचे हात मुठीवर गेले. अकरा वर्षांची सवय. त्याने जोर लावला. दोर ताणला, आणि त्या टोकाला वजन होतं. माणसाएवढं वजन. एक फेरा. दोन फेरे. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, खाली कोणी असायलाच नको होतं.

"कोण आहे?"

खालून आवाज आला. घुसमटलेला, जणू गोधडीतून आलेला.

"मीच... लॉर्न, ओढ."

व्हर्नाचा आवाज.

त्याने अंदाजाने पायाने खुंटी चाचपली. खुंटी नव्हती. ती त्यानेच जाळली होती. मूठ धरून उभं राहायचं, नाहीतर सोडायची. तिसरं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात केबिनमधून खोकला ऐकू आला. तोच, शेवटी शिट्टीसारखा वाजणारा.

"लॉर्न? आलास का? पाणी दे रे..."

"व्हर्ना?"

"कुणाशी बोलतोयस बाहेर? विस्तव विझत आलाय. मला खूप थंडी वाजतेय..."

मुठीवरचे हातमोजे लोखंडाला चिकटू लागले होते. तो खाली पाहायचा, केबिनकडे पाहायचा. तीन दिवस जिला उभं राहता येत नव्हतं ती विहिरीत कशी असेल? धाब्यावरची सगळी थट्टा त्याला आठवली, आणि त्यातलं काहीच आता थट्टेचं वाटेना.

"सोडू नकोस," खालून आवाज आला. अगदी हळू. "लॉर्न, सोडू नकोस हं..."

"लॉर्न, ये ना..." केबिनमधून.

धुराड्यातून धूर येतोय का हे एकदा पाहायला हवं होतं, हे त्याला फार उशिरा सुचलं.

त्याने मूठ सोडली.

रहाट गरगरला. खाली जे वाजलं ते ऐकायला तो थांबला नाही. दार ढकलून आत शिरला, कंदील लावला.

शेगडी गार होती. नुसती विझलेली नाही. तिच्या लोखंडावर बर्फाची पांढरी बुरशी चढली होती. कपातलं पाणी दगड झालं होतं. अंथरूण रिकामं. तिचे बूट नव्हते. फरचा कोट नव्हता.

मग त्याला कळलं. विस्तव केव्हाच विझला होता. घरात गारठून मरायची वेळ आली, आणि तिने या मुलखातल्या माणसासारखाच विचार केला होता. विहिरीचा तळ उन्हाळ्यात गोठलेला असतो तसाच हिवाळ्यातही असतो, उणे चार, त्याहून खाली नाही. वरच्या थंडीपुढे ती ऊबच. कशीबशी शिडी उतरली असेल. चढायची ताकद नव्हती, म्हणून तो आल्याची चाहूल लागताच पोहऱ्यात बसून...

तो शिडीवरून कसा उतरला हे त्याला पुढे सांगता आलं नाही. पोहऱ्याच्या काठावर तिचा हात होता. दोर घट्ट धरता यावा म्हणून हातमोजा काढलेला. तो तिच्याजवळ बसला. तिच्याशी बोलला. कंदिलातलं तेल संपत आलं तेव्हा उठला. एकट्याने तिला वर आणणं शक्य नव्हतं. दोराच्या एका टोकाला माणूस असेल तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागतंच. त्याने आपला कोट तिच्यावर पांघरला आणि नुसत्या सदऱ्यावर शिडी चढला.

केबिनचं दार सताड उघडं होतं.

उंबऱ्याशी पोहोचताच आतून खोकला आला. मग श्वास, बरगडी दाबून घेतलेला.

"किती वेळ लावलास. दार लाव ना... गार वारा येतोय."

कंदिलाच्या उजेडात अंथरूण रिकामंच होतं. उशीला मात्र डोक्याएवढा खळगा पडला होता.

लॉर्न उंबऱ्यावर उभा राहिला. तो आवाज तिच्यासारखा नव्हता. तो तिचाच होता. त्यातली चिडसुद्धा तिची. मागे अंधारात विहीर होती, आणि विहिरीतून हा आवाज आता कधीच येणार नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं. कोण आहे हे नसेल, पण कोण नाही ते ठाऊक होतं.

तो आत आला आणि त्याने दार लावलं.

सहाव्या दिवशी थंडी ओसरली. डॉट आणि तिचा भाऊ हॅल्वर बर्फगाड्या घेऊन आले. लॉर्नने दारातूनच विहिरीकडे बोट दाखवलं, आणि हॅल्वर खाली उतरला. डॉटने स्वतः रहाट फिरवला, स्वतःच्या हातांनी व्हर्नाला पोहऱ्यातून उतरवून घेतलं, तिचे डोळे मिटले. मग डोळे पुसत ती केबिनमध्ये आली.

लॉर्न टेबलाशी नुसत्या सदऱ्यावर बसला होता. घरात लाकडाची ढलपीसुद्धा नव्हती, शेगडीत राखही नव्हती, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

"चल, लॉर्न," डॉट म्हणाली. "आमच्याकडे चल. इथे आता काय राहिलंय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

डॉट कळवळली. त्याला समजवावं म्हणून ती त्याच्यासमोर अंथरुणाच्या कडेवर बसायला गेली; हातमोजा काढून आधारासाठी तिने उघडा तळवा गोधडीवर टेकला.

तिने हात झटकन मागे घेतला नाही. लॉर्न पाहत होता. तिने तो तसाच ठेवला, जरा वर सरकवला, उशीच्या खळग्यापर्यंत नेला, आणि आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा तिथे धरून राहिली. तिचे ओठ पांढरे पडले.

"लॉर्न..." ती कुजबुजली. "हिला अजून ताप आहे."