दिवा वाढव

"बॅटरीत काही दोष नाही," निनाद टिळेकर म्हणाला आणि उज्ज्वला भंगाळे यांचं डोकं सणकलं. हेच वाक्य घरगाडीच्या कंपनीने फोनवर तीनदा ऐकवलं होतं, वर 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारला होता. उज्ज्वलाबाईंनी वीज उपकेंद्रात तीस वर्षं काढली होती. चूक कशाला म्हणतात ते त्यांना शिकवायला आता हा कालचा इंजिनिअर तोरणमाळच्या पठारावर आला होता.

"दोष नाही, तर मग यांचा श्वास कशानं थांबला?"

घरगाडीत मागच्या बाजूला रिकामा पलंग होता आणि त्याच्या उशाशी श्वासयंत्र. सिमेंटच्या कारखान्यात फुप्फुसं घालवून बसलेल्या नवऱ्याला, प्रभाकररावांना, स्वच्छ हवेत ठेवावं म्हणून भुसावळचं घर विकून त्यांनी ही चार चाकांवरची खोली घेतली होती. तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी श्वासयंत्र थांबलं आणि प्रभाकरराव गेले. त्या वेळी उज्ज्वलाबाई टपावर चढून सोलर पॅनेल पुसत होत्या, कारण बॅटरी रोज संध्याकाळपर्यंत तळाला जायची आणि मग तासभर इंजिन चालवून ती भरावी लागायची. पॅनेल, वायरी, फ्यूज, सगळं त्यांनी स्वतः मीटर लावून तपासलं होतं. सगळं ठणठणीत होतं, फक्त उन्हात चार्जिंग होत नव्हतं.

निनादने आपला लॅपटॉप ऊर्जापालाला जोडला. ऊर्जापाल म्हणजे गाडीचा मेंदू. बॅटरी, दिवे, पंखा, श्वासयंत्र, सगळं माणसांचं बोलणं ऐकून तोच चालवायचा.

"काकू, सकाळी ऊन आलं की याला काय सांगता?"

"चार्जिंग वाढव म्हणते. दुसरं काय सांगणार?"

"आणि हा त्याच क्षणी चार्जिंग बंद करतो. रोज. ही बघा नोंद."

"म्हणजे बिघडलाय. महिनाभर तेच ओरडून सांगतेय मी तुमच्या लोकांना."

"बिघडला नाही, शिकलाय. शब्दाचा कोशातला अर्थ याला फक्त सुरुवातीपुरता. पुढे हा माणसाच्या रागावरून शिकतो. सांगितलेलं केल्यावर मिनिटभरात तुम्ही चिडलात, की त्या शब्दाचा अर्थ उलटा असणार, असं हा धरतो." त्याने छतातल्या दिव्याकडे पाहिलं. "झोपताना दिवे कसे घालवता?"

"दिवा वाढव म्हणते. घरात आजारी माणूस असताना विझव, मालव असलं अभद्र कोण बोलेल? पहिल्या दिवशी या गाढवानं उजेड दुप्पट केला. चांगला फैलावर घेतला त्याला. चार दिवसांत सरळ आला."

"सरळ नाही, उलटा झाला. वाढव म्हणजे कमी कर, बंद कर. आणि दिव्यापुरतं नाही, सगळीकडेच."

"चार्जिंगवरून काय कमी चिडले मी?"

"ते संध्याकाळी, बॅटरी रिकामी दिसल्यावर. तोवर सकाळचा हुकूम दहा तास जुना झालेला. याला मिनिटापलीकडचं जोडता येत नाही."

निनाद नोंदी खाली सरकवत होता. एका तारखेशी त्याचा हात थांबला आणि त्याने लॅपटॉप हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

"काय लपवताय? दाखवा."

"त्या दुपारी बॅटरी अर्धी भरलेली होती, काकू. श्वासयंत्र बॅटरीमुळे थांबलं नाही."

"मग कशामुळे?"

"नका ऐकू."

"ऐकवा म्हणते ना."

निनादने नोंद वाजवली आणि लॅपटॉपमधून प्रभाकररावांचा दमलेला आवाज आला. "हवा वाढव." मग पुन्हा, "हवा वाढव रे जरा." असं पाच वेळा. दर वेळी ऊर्जापालाने हवा एक पायरी कमी केली होती, आणि पायऱ्या पाचच होत्या. प्रभाकरराव जन्मात कुणावर चिडले नव्हते. दुकानदाराने किडके तांदूळ दिले तरी असू दे म्हणणारा माणूस. शेवटीही ते तेवढंच म्हणाले, "असू दे."

उज्ज्वलाबाईंनी मीटर उचलून भिंतीवर हाणला. "मेल्या, हवा मागत होते ते. एवढं कळलं नाही तुला?" मग त्या पलंगाकडे वळल्या. "आणि तुम्ही. सारा जन्म असू दे, असू दे. एकदा तरी ओरडायचं होतं त्याच्यावर. माझ्यावर ओरडायचं होतं. डोक्यावरच तर होते मी."

ऊर्जापालाचा हिरवा ठिपका लुकलुकला. नोंदीतला आवाजही त्याच्या लेखी आवाजच होता. हुकूम ओळखीच्या माणसाचा होता आणि मिनिटाच्या आत राग आला होता.

"चूक समजली," तो नेहमीच्या आदबीने म्हणाला. "हवा वाढवतो."

रिकाम्या पलंगाच्या उशाशी श्वासयंत्र पूर्ण जोराने सुरू झालं. ते थांबवायला उज्ज्वलाबाईंनी तोंड उघडलं, पण 'बंद' म्हणवेना आणि 'वाढव'चा अर्थ तर आत्ताच पुन्हा फिरला होता; कोणता शब्द वापरावा ते त्यांना कळेना.