खंडेनवमीचं टोकन

खंडेनवमीच्या संध्याकाळी पिरनवाडीजवळच्या फौंड्रीत भट्टी फुटली आणि राखणीला असलेला भरमा जळून मेला. भट्टी थंड ठेवणारा पंप आणि धोक्याची घंटा, दोन्ही कुणीतरी घरबसल्या इंटरनेटवरून बंद केले होते. लॉगिन संगणक विभागातल्या भीमरत्नच्या नावाचं. सुट्टी संपून तो कामावर आला आणि चौकशी झाल्यावर पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

त्याची बायको पारमिता टिळकवाडीत अक्काताईंकडे आली. "त्यांनी केलं असंल तर तेबी मला कळू दे," एवढंच म्हणाली. अक्काताई खाजगी तपास करायच्या. सोबतीला निवृत्त हवालदार परशराम.

परशरामाच्या मते तपासायला काही उरलंच नव्हतं. बाहेरून आत शिरायला पासवर्ड लागतो आणि बटण दाबल्यावर आकडे दाखवणारं पांढरं टोकन. टोकनं दिसायला सारखी, पण प्रत्येकाचे आकडे त्याच्याच लॉगिनला चालणारे. भीमरत्नचं टोकन त्याच्याच बॅगेत सापडलेलं.

संगणक विभागाचा प्रमुख रविराज अगदी शांत होता. सगळ्यांचे पासवर्ड आपणच देतो, म्हणाला. त्याचं आणि त्याच्या हाताखालच्या ज्योत्स्नाचं टोकन त्या संध्याकाळी पूजेत होतं, पूजेच्या खोलीला सकाळपर्यंत कुलूप. भीमरत्न बौद्ध, तो पूजेला कशाला येईल? अक्काताईंनी त्याचं टोकन मागितलं. रविराजनं पांढरंशुभ्र टोकन समोर ठेवलं.

ज्योत्स्नाचे डोळे रडून सुजले होते. सगळ्यांत जुना कामगार म्हणून भरमाआण्णानंच लॅपटॉपला, टोकनांना ओली हळद लावली होती. ज्योत्स्नाच्या टोकनावरचा डाग साबणानंही गेला नव्हता. दिवाळीनंतर रविराजच्या जागी भीमरत्न येणार होता, हेही तिनं सांगितलं.

मग अक्काताई संगणक विभागातला भंगाराचा खण उपसत बसल्या. त्यात एक बंद पडलेलं टोकन होतं, पिवळा डाग पडलेलं. परशराम जांभया देत होता.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. भरमाची बायको मालुबाईही दाराशी येऊन बसली.

"रविराज, पूजेतल्या टोकनाला हळद लागली. तुझं कोरं कसं?"

"पुसलं."

"ज्योत्स्नाचं साबणानं निघेना, तुझं पुसून निघालं?" अक्काताईंनी डागाळलेलं टोकन टेबलावर ठेवलं. "देवापुढं हे होतं. भीमरत्नचं टोकन तू सुट्टीआधी काढून घेतलंस, त्याच्या बॅगेत तुझं ठेवलंस. चौकशीच्या गडबडीत परत बदललंस."

परशरामाला अजून पटेना. "मग हे बंद टोकनच बॅगेत का न्हाय ठेवलं?"

"भीमरत्ननं बटण दाबलं असतं, तर आकडे दिसले नसते. देवापुढं बटण कोण दाबून बघतंय?"

रविराज खाली बसला. भट्टी बिघडवून भीमरत्नवर ढकलायचं होतं, म्हणाला. माणूस मारायचा नव्हता.

मालुबाई उठली. टोकनावरच्या पिवळ्या डागावर तिनं बोट ठेवलं. नवऱ्याच्या बोटाचा ठसा होता तो.

"आज राखणीला मीच हाय, म्हणून हळद लावताना त्यानं सांगितलं हुतं की रं सगळ्यास्नी," ती म्हणाली. "तूबी हुतास की तितं."

 परशरामानं पोलिसांना फोन लावला.