ओळ धरून ठेवा

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा; थंडीची दुपार. समुद्रावरून आलेलं धुकं वाचनालयाच्या काचांना चिकटून बसलं होतं आणि मागच्या खोलीत तावेरा ध्वनिफितींची जुनी रिळं फडक्याने पुसत होती. ऑकलंडचं विद्यापीठ अर्ध्यावर सोडून ती गावी परतली तेव्हा तिला हेच एक काम मिळालं: आपल्या माओरी म्हाताऱ्यांचे आवाज रिळांवरून संगणकात उतरवायचे. खोलीत व्हिनेगरसारखा आंबट वास असायचा. रिळं कुजायला लागली की येतो तसा. तिला तो आवडायचा. तिच्या मते तिच्या प्राध्यापकांपेक्षा ही मेलेली माणसं जास्त जिवंत होती.

कोरो राफिरी दार न वाजवताच आत आला. कोरो म्हणजे आजोबा. हा तिचा सख्खा, शिवाय जमातीच्या समितीचा अध्यक्ष.

"तुझ्या पणजीचं गाणं काढ," तो म्हणाला. "त्यातला छोटासा तुकडा हवाय. ऑकलंडच्या जाहिरातवाल्यांना."

तावेराने फडकं खाली ठेवलं.

पणजी हेराता म्हणजे कोरोची आई. बुडालेल्या नवऱ्यासाठी तिने हा विलाप रचला होता. तो गाताना एकीचा दम संपला की दुसरी ओळ धरते, ओळ खाली पडू देत नाहीत. ओळ मध्येच तुटली तर कुणाचा तरी श्वास तुटतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"कोरो, गाणं आहे ते. मटण नाही, मांडी घ्या नि बाकीचं ठेवा म्हणायला."

"जीभ आवर. सभाघराचं छप्पर गळतंय, ते कोण बांधणार? तू? तुझ्याच्याने पदवी पुरी झाली नाही."

"माझी पदवी अर्धी राहिली म्हणून कोणी मरत नाही."

आवाज ऐकून ग्रंथपाल मिरिआमा आंटी दारात येऊन उभी राहिली. "राफिरी, घरातल्या सगळ्यांचा होकार असल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही. नियम तूच केलास ना?"

"मग मीच मोडतो. आई माझी होती."

"पुढची ओळ म्हणून दाखवा," तावेरा म्हणाली. "आई तुमची होती ना? म्हणा."

कोरो संगणकाकडे वळला. त्याच्या पिढीने समित्या काढल्या, भाषणं ठोकली, मंत्र्यांबरोबर फोटो काढून घेतले. गाणी शिकायला तेवढी सवड मिळाली नाही. आणि आता जे येत नव्हतं तेच विकायला निघाले होते.

त्याने तिला खांद्याने बाजूला सारलं. संगणक चालवायला त्याला नातवंडांनीच शिकवलं होतं. तुकडा कापला, पाठवून दिला, आणि वर ऐटीत लावूनही दाखवला.

हेराताचा आवाज खोलीत पसरला. खोल, खरबरीत, किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून पाणी मागे सरावं तसा. ओळ चढत गेली, आणखी चढली, आणि तिथेच कापली गेली.

शांतता. हीटरची घरघरही थांबली होती. आंबट वास कुठेतरी गेला आणि ओल्या शेवाळाचा वास आला.

कोरोचं तोंड उघडं होतं. तो खोकत नव्हता, धडपडत नव्हता. फक्त श्वास आत जात नव्हता... कुणीतरी परवानगी द्यायची राहिली असावी तसा तो थांबून होता. त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

"कोरो...?"

"ओळ," आंटी कुजबुजली. "ओळ लोंबकळतेय गं..."

पुढचे शब्द दोघींनाही येत नव्हते. कोणी शिकवले होते? तावेराने नुसता सूर पकडला, जिथे कापला होता तिथेच. कोरोच्या छातीत बारीकसा श्वास शिरला. तिचा दम संपत आला तसा तोही विरत गेला. तिने हाताने खूण केली. आंटीने सूर उचलला. तेवढ्यात तावेराने मूळ गाणं शोधलं आणि नेमकं कापलेल्या जागेपासून सुरू केलं.

हेराताने ओळ आंटीकडून आपल्याकडे घेतली. कडेवरचं मूल घ्यावं, इतकी अलगद.

गाणं शेवटपर्यंत गेलं. कोरो टेबलाला धरून ढसाढसा रडत होता, पण श्वास घेत होता. "कळवतो त्यांना," तो म्हणाला. "देत नाही म्हणून."

"आता? पाठवून बसलात ना!"

फोन वाजला. तावेराने उचलला. पलीकडे जाहिरातवाला होता. एकेक शब्द ओढून काढत होता. "तुमचा तुकडा... लावला... आता थांबता येत नाही..." त्याच्यामागे अख्खं ऑफिस एकच सूर धरून उभं होतं. एक सुटला की दुसरा धरत होता. "एक बाई थांबली... पडलीय ती..."

आंटीने ऐकलं. "सगळं गाणं पाठवावं लागेल?"

कोरोने मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नातीला विचारलं, "तू सांग."

"पाठवायचं नाही," तावेरा म्हणाली. "ऐकवायचं." तिने फोन स्पीकरजवळ नेला. "ऐका हो. उतरवून घ्यायचं नाही. संपलं की तुकडा पुसायचा. कबूल?"

"कबूल..."

गाणं पुन्हा कापलेल्या जागेपासून चाललं. पलीकडचे आवाज एकेक करून खाली बसले. शेवटची ओळ संपली तेव्हा त्या माणसाने लांब श्वास घेतला.

"सुटलो. ती बाईही उठून बसली. पुसलं, बघा."

तावेरा फोन ठेवणार, तोच तिला त्याच्यामागे पुन्हा सूर ऐकू आला. या वेळी पुरुषाचा, संथ, ढोलावरचा.

"हे कोण गातंय?"

"आमच्यातलं... कोणी नाही."

"तुमच्याकडे असे आणखी किती तुकडे आहेत? कुणाकुणाचे?"

ढोल अर्ध्यावर थांबला. मग एका म्हातारीचा आवाज आला, तोही अर्ध्यावर थांबला. मग तिसरा. मग एकदम कितीतरी. प्रत्येक जण ओळीच्या मध्यापर्यंत येऊन वाट पाहत उभा राहत होता.

"पुढचं..." त्या माणसाचा श्वास पुन्हा अडकायला लागला होता. "पुढचं सांगा ना..."

तावेराने फोन कानावर घट्ट दाबला. जीव कानात आणून ऐकलं.

त्यातली एकही भाषा तिला येत नव्हती.