त्या बाईला आत का घेत नाहीत?

उज्जैनमधल्या माधव नगरच्या मराठी वाचनालयात पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहाव्या लागत. लिहिल्या नाहीत तर दुसरं पुस्तक मिळत नसे. हा नियम चारुताई पोतनीसांचा, आणि तो पाळायला लावता लावता त्यांच्या नाकी नऊ आले होते. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई. लाल पेन अजून पर्समध्ये असे. पण सभासदांचे अभिप्राय वाचून त्यांना वाटे, नववीतल्या मुली बऱ्या होत्या.

सातशे पानांच्या कादंबरीवर एकानं लिहिलं होतं, ‘वाचली.’ कालवे बांधणाऱ्या एका इंजिनिअरच्या चरित्रावर, ‘अक्षर बारीक.’ नर्मदेकाठच्या प्रवासवर्णनावर, ‘आम्हीही गेलो होतो.’ आणि गुलाबांच्या लागवडीवरच्या पुस्तकाबद्दल फ्रीगंजातले होमिओपॅथीचे डॉक्टर शरच्चंद्र यांचं मत असं, की यात गुलाबांविषयी जरा जास्तच लिहिलं आहे.

“गुलाबांच्या पुस्तकात गुलाबांविषयी नाही लिहिणार तर काय रेल्वेविषयी लिहिणार?” चारुताई घरी येऊन म्हणत. यज्ञेश्वर, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. ते पेपरमधून मान वर न करता म्हणत, “तुला कोणी सांगितलंय लोकांच्या मागे लागायला?”

कोणी सांगितलं नव्हतं. पण अकरा वर्षं वाचनालय त्या बिनपगारी सांभाळत होत्या, आणि या अकरा वर्षांत आलेलं एकही पुस्तक त्यांनी स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कपाटात गेलेलं नव्हतं. मग ते कादंबरी असो, आयकराचं मार्गदर्शन असो, नाहीतर लोणच्यांचे प्रकार. याचा त्यांना अभिमान होता. तेवढा एकच होता.

यंदा वाचनालय चालवणाऱ्या मंडळाला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघायची होती. मंडळाचा सेक्रेटरी पराग बँकेत नोकरीला, कायम घाईत. त्यानं फर्मावलं, “चारुताई, ‘वाचक म्हणतात’ असं एक सदर द्या ना. शंभर बढिया अभिप्राय छाटून काढा बस.”

“शंभर? दहा निघाले तरी मी महाकालाला बेल वाहीन.”

मार्च संपत आला होता. रुंदीकरणासाठी समोरचा रस्ता उकरून ठेवलेला. खिडकी उघडली की टेबलावर धूळ बसे आणि बंद केली की जीव घुसमटे. अशा एका संध्याकाळी त्या रजिस्टर घेऊन बसल्या आणि अलका नावाच्या सभासदाच्या ओळींशी अडखळल्या. पुस्तक मधुमेहींच्या आहाराचं. अभिप्राय असा:

‘माहिती उपयुक्त आहे. मात्र दारात उभ्या असलेल्या त्या बाईला शेवटपर्यंत आत का घेत नाहीत, ते कळले नाही.’

चारुताईंनी कपाळाला हात लावला. कुठली तरी कादंबरी वाचली असणार आणि अभिप्राय भलत्याच पुस्तकाखाली लिहिला असणार. त्यांनी लाल पेनानं समासात प्रश्नचिन्ह काढलं.

चार पानं पुढे इंजिनिअरचं चरित्र. विनायक नावाचे एक निवृत्त तहसीलदार लिहीत होते, ‘कालव्यांची प्रकरणे उत्तम. त्या बाईचे प्रकरण अर्धवट सोडले आहे. एक चप्पल काढून उभी आहे बिचारी.’

त्याच्यापुढे आयकराचं पुस्तक. ‘नवीन स्लॅब समजले. बाईला पाणी तरी विचारायला हवे होते.’

गुलाबांचं पुस्तक दुसऱ्यांदा कोणीतरी नेलेलं. ‘फोटो सुंदर. बाई मागच्या पुस्तकापेक्षा थकलेली वाटते.’

अक्षरं वेगळी, शाई वेगळी, तारखा वेगळ्या. जानेवारीपासून एकूण तेवीस अभिप्राय. चारुताईंना आधी संताप आला. ही चेष्टा होती, आणि कोणाची ते त्यांना लगेच कळलं असं वाटलं. त्यांनी परागला फोन लावला.

“तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललंय? नियम आवडत नाही तर तोंडावर सांगा. रजिस्टर म्हणजे काय रंगपंचमी आहे का?”

“कसला ग्रुप? काय झालं?”

त्यांनी अलकाचा अभिप्राय वाचून दाखवला. मग पराग जरा बिचकत म्हणाला, “बरोबरच लिहिलंय ना त्यांनी. मला पण ते खटकलं होतं. आत बसून चहा पितात सगळे, आणि ती दारात. मी म्हटलं, तुम्ही तर आधी वाचलं असेल, तुम्हाला माहीत असेल, असं का ते.”

“आहाराच्या पुस्तकात?”

“हो. मेथीच्या तिथे. चला ठेवतो, कस्टमर आलाय.”

चारुताईंनी पुढचे चार दिवस ही पहिली चार पुस्तकं परत वाचली. मुखपृष्ठ, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सूचीसुद्धा. बाई नव्हती. कुठेच दार नव्हतं. मेथीच्या तिथे मेथी होती. पाचव्या दिवशी त्या फ्रीगंजात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं आणि हिंदीत सांगितलं की आँखें एकदम बढ़िया हैं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पण मस्त झालंय, फालतू टेन्शन घेऊ नका. परत येताना ई-रिक्षात थेंबांमुळे सगळ्या पाट्या पसरलेल्या दिसत होत्या, आणि त्यांना एकदम रडू आलं. चेष्टा असती तर चाललं असतं. पण ती चेष्टा नसली तर? तर त्या वाचनालयात वाचता न येणारी एकच व्यक्ती होती.

शनिवारी डॉक्टर शरच्चंद्र आले. अंगात पांढरी सफारी, हातात कापडी पिशवी. हा माणूस थट्टा करणाऱ्यातला नव्हता. त्याला कोणी केलेली थट्टाही कळत नसे. चारुताईंनी आहाराचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडं ठेवलं.

“डॉक्टर, ती बाई कुठे आहे ते मला दाखवा.”

“तुम्हाला? तुम्ही मजाक करताय.”

“दाखवा.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पानं उलटली. एका पानावर थांबून त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं आणि संथपणे, शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचायला लागले.

“‘दारात बाई उभी होती. एक चप्पल काढलेली, एक पायात. आत या असं कोणी म्हणेल म्हणून ती थांबली होती. आतल्यांपैकी एकानं नाव विचारलं, तर ती नुसती बघत राहिली. नाव असतं तर तिनं सांगितलं असतं.’”

चारुताई त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. बोट शब्दाशब्दानं सरकत होतं. ओळ संपली की डॉक्टर श्वास घेत आणि बोट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाई. एकदाही चुकलं नाही. आणि त्या बोटाखाली चारुताईंना स्वच्छ, काळ्या अक्षरांत दिसत होतं: मेथीचे दाणे आदल्या रात्री भिजत घालावेत. सकाळी ते पाणी अनशापोटी प्यावे.

“पुरे,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुस्तक हळूच मिटलं. त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला काय दिसतं तिथे?”

“मेथी.”

“हां,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्या दिवशी दुसरं पुस्तक नेलं नाही.

ते गेल्यावर चारुताईंनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. फोटोतही मेथीच होती. तो त्यांनी लेकीला, गौरीला, पाठवला. गौरी पुण्यात, उज्जैनच्या या मंडळींपैकी कोणाशीच तिचा संपर्क नव्हता. सोबत एवढंच लिहिलं: ‘हे वाच आणि काय आहे ते सांग.’

उत्तर दहा मिनिटांनी आलं.

‘वाचलं. कसलं पुस्तक आहे हे? वाईट वाटलं गं. घ्या ना तिला आत.’

चारुताईंनी मोबाइल पालथा ठेवला. खाली रस्त्यावर खोदकामाचं यंत्र सुरू होतं आणि कपाटांच्या काचा बारीक थरथरत होत्या. चार हजार पुस्तकं. यांतल्या किती पुस्तकांत? आणि अकरा वर्षं त्या पहिल्या वाचक. प्रत्येक वेळी तिच्यावरून डोळे फिरवून पुढे गेलेल्या. समोर कोणी उभं असावं आणि आपण बघूही नये, तसं.

मग ते वाईट वाटणंही ओसरलं आणि खाली उरला तो मूळचा वैताग. चौतीस वर्षं वर्गाच्या दारात घुटमळणाऱ्या मुलींना त्या जे सांगत आल्या होत्या, तेच. त्यांनी रजिस्टर ओढलं, लाल पेन काढलं, आणि पुढच्या मोकळ्या ओळीवर लिहिलं:

‘संबंधित बाईंनी एकदाचे आत यावे आणि हा विषय संपवावा. – चा. य. पोतनीस, ग्रंथपाल.’

खाली तारीख घातली. कुलूप लावून, सूर्य मावळायच्या आत घरी आल्या.

पुढचे पंधरा दिवस रजिस्टरमध्ये बाई नव्हती.

अलकानं लोणच्यांच्या पुस्तकावर लिहिलं, ‘तेलाचे प्रमाण जास्त.’ विनायकरावांनी एका लढाईच्या इतिहासावर, ‘नकाशे हवे होते.’ मुक्ता नावाच्या शिक्षिकेनं कथासंग्रहावर, ‘ठीक.’ चारुताईंनी त्या ‘ठीक’कडे कितीतरी वेळ प्रेमानं पाहिलं. शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्यांनी दुरुस्त केल्या नाहीत. परागला त्यांनी बासष्ट अभिप्राय काढून दिले. तो म्हणाला, “वा! आणि त्या बाईचं पण झालं एकदाचं. आत घेतलं, छान वाटलं वाचून.” हे बोलून तो निघून गेला. चारुताईंनी त्याला थांबवलं नाही. विषय संपला होता; त्यांना तो परत उघडायचा नव्हता.

आहाराचं पुस्तक मात्र त्या घरी घेऊन आल्या. यज्ञेश्वरांना तपासणीत साखर निघाली होती. चाळीस वर्षांत या माणसानं वेळापत्रक आणि पेपर यांपलीकडे काही वाचलं नव्हतं. पण साखरेला ते घाबरले असावेत. दोन दिवस दुपारभर पुस्तक घेऊन बसले. रविवारी, साडेचारच्या सुमाराला त्यांनी ते मिटून टेबलावर ठेवलं.

“झालं वाचून. चांगलं आहे.”

“असं नाही,” चारुताई म्हणाल्या. रजिस्टर त्यांनी स्मरणिकेची प्रुफं तपासायला घरीच आणलं होतं. ते त्यांनी पुढे सरकवलं. “तुम्हीपण सभासद आहात. दोन ओळी लिहा.”

“घरातसुद्धा तुझा नियम?”

“घरात तर आधी.”

यज्ञेश्वर कुरकुरत बसले. गार्डाच्या डायरीत लिहीत तसं, दाबून, टपोऱ्या अक्षरांत लिहीत राहिले. दोनाच्या चार ओळी झाल्या. पेनाला टोपण लावून ते उठले, मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालायला गेले. नळाचा आवाज सुरू झाला.

चारुताईंनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं.

‘पुस्तक उपयुक्त. कारले व मेथी यांविषयी नवीन माहिती मिळाली. बाईला आत घेतले हे योग्यच झाले. आता घरातील मंडळी तिला चारू म्हणतात आणि ती लगेच ओ देते.’

त्यांनी ते दोनदा वाचलं.

चारू हे नाव रजिस्टरमध्ये नव्हतं. शाळेत त्या पोतनीसबाई, मंडळात चारुताई. माहेरची माणसं गेल्यापासून त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस उरला होता, आणि तोही फक्त या घरात, जिथे आता दोघंच राहत.

त्यांनी पुस्तक उघडलं. मेथीचं पान काढलं. मेथीचे दाणे आदल्या रात्री भिजत घालावेत.

अंगणात नळ बंद झाला.

“चारू,” यज्ञेश्वरांनी अंगणातूनच हाक मारली, “चहा टाकतेस का?”

चारुताईंनी ओ द्यायला तोंड उघडलं.

त्याआधीच आत, स्वयंपाकघरात, गॅसचा लायटर टक्‌ करून वाजला.